सहानंतरचं संग्रहालय

गणपतीच्या दिवसांत रात्री दहाच्या पुढे पुण्याच्या पेठांमधून जी माणसं फिरत असतात, त्यांना मी कलारसिक म्हणते, आणि हे अगदी मनापासून म्हणते. पोर बापाच्या खांद्यावर, आजीचा हात सुनेच्या हातात, कुणाकडे भाजलेलं कणीस. देखाव्यासमोर ही मंडळी थांबतात आणि बोलायला लागतात. अफझलखानाचा चेहरा जमलाय, पण घोड्याची मान आखूड झालीये. गेल्या वर्षीचा याहून मोठा होता, पण त्यात जीव नव्हता. मागून कुणीतरी म्हणतं, ‘‘अहो, मागच्या पडद्याचा निळा बघा आधी, काय रात्र उभी केलीये!’’ प्रमाण, रंग, उजेड, चेहऱ्यावरचा भाव, सगळ्याची चर्चा होते. तुळशीबागेचे ते भव्य देखावे वर्षानुवर्षं उभे करणारे डी. एस. खटावकर हे शिल्पकलेचं रीतसर शिक्षण घेतलेले आणि ती शिकवणारे शिल्पकार होते. म्हणजे पुणेकरांनी रस्त्यात उभं राहून, धक्के खात, घरच्यांच्या संगतीत पाहिलं ते एका कसलेल्या शिल्पकाराचं काम होतं. तिकीट नव्हतं, माहितीपत्रक नव्हतं, ‘आपल्याला यातलं काही कळत नाही’ हा संकोच तर नव्हताच.

म्हणून ‘आपल्या लोकांना चित्रं-शिल्पं बघायची सवय नाही’ हे वाक्य कानावर आलं की मला राग येतो. सवय आहे, आणि चांगली जुनी आहे. पण ती संध्याकाळची आहे आणि चारचौघांबरोबरची आहे. आपलं सगळं सांस्कृतिक आयुष्यच मुळी दिवे लागल्यानंतर सुरू होतं. नाटकाची तिसरी घंटा रात्री साडेआठला होते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला संध्याकाळी भरते. कीर्तन, भजन, गाण्याची मैफल, गावच्या जत्रेतला तमाशा, यातलं काहीही सकाळी अकरा वाजता व्हावं असं कुणाच्या मनात आलं नाही. कारण ज्यांनी हे उभं केलं त्यांना ठाऊक होतं की समोर बसणारा माणूस दिवसभर कुठेतरी राबत असतो. चित्र आणि शिल्प बघायचं तर मात्र आपण त्याला रजा टाकायला लावतो.

मी फोर्टात नोकरी केली. मुंबईतली उत्तमोत्तम संग्रहालयं आमच्या ऑफिसापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती, पण ऑफिस सुटायची आणि त्यांची दारं लागायची वेळ साधारण एकच. आजही ती सहाच्या आसपास बंद होतात. उरतो रविवार. डोंबिवलीहून, कल्याणहून रोज लटकत येणाऱ्या माणसाने रविवारी पुन्हा गाडी धरायची, त्यात मेगाब्लॉक, बरोबर लहान मूल, आणि सगळं कशासाठी तर काचेमागच्या वस्तू बघायला. कुणी जात नाही म्हणून मी त्यांना दोष देणार नाही.

या सगळ्यात एक दार उघडं असायचं, जहांगीर आर्ट गॅलरीचं. १९५२ पासून ते फुकट आहे आणि सातपर्यंत उघडं आहे. सहानंतरचा तो एक तास! त्या तासात जहांगीरमध्ये कोण येतं हे एकदा बघायला हवं. खांद्यावर डब्याची पिशवी अडकवलेला बँकेतला कारकून, हायकोर्टातून निघालेले वकील, सीएसएमटीकडे जाता जाता आत डोकावलेल्या दोन मैत्रिणी. ज्याचं प्रदर्शन असतं तो चित्रकार बहुतेक वेळा तिथेच खुर्चीवर बसलेला. एकदा एका गृहस्थांनी मोठ्या निळ्या चित्राकडे बराच वेळ बघून त्याला विचारलं, ‘‘हे असं खरवडलंय ते कशाने?’’ चित्रकार उठला, खिशातून लोखंडी पट्टीचा तुकडा काढला आणि हवेतच हात फिरवून दाखवला. गृहस्थ म्हणाले, ‘‘आम्ही बोटीच्या तळाचा गंज असाच काढतो.’’ ते गोदीत कामाला होते. मग दोघांचं लोखंड, गंज आणि रंगाचे थर यावर असं काही रंगलं की पहारेकऱ्याला येऊन सांगावं लागलं, ‘‘साहेब, सात झाले.’’

त्याच इमारतीत १९६४ पासून समोवार हे उपाहारगृह होतं. २०१५ साली ते बंद झालं. चित्र पाहून झाल्यावर बसायला जागा हवी, चहा हवा, हे समोवारच्या लांबट, अरुंद खोलीने मुंबईला शिकवलं होतं. चित्रावरचं खरं बोलणं चित्रासमोर होतंच असं नाही. ते पुष्कळदा पुढच्या अर्ध्या तासात, टेबलावर कोपरं टेकून होतं. चहाची सोय ही संग्रहालयातली वरवरची चैन वाटते, पण माझ्या मते ती दालनाइतकीच महत्त्वाची आहे.

हे सगळं दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाला पक्कं कळलं होतं. लंडनचं साउथ केन्सिंग्टन म्युझियम, आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, १८५७ साली उघडलं, तेव्हा त्याचे प्रमुख हेन्री कोल यांनी दालनांत गॅसचे दिवे लावून ते संध्याकाळी खुलं ठेवलं. कामकऱ्यांना कोणती वेळ सोयीची ते प्रत्यक्षच बघू या, असा त्यांचा हेतू. त्या काळात हे धाडसच होतं. गॅसच्या धुराने आणि उष्णतेने चित्रं खराब होतील अशी भीती होती. त्यावर विचार करायला समिती नेमली गेली, तिच्यात मायकेल फॅरडे आणि जॉन टिंडल होते, आणि १८५९ साली त्यांनी सांगितलं की नीट व्यवस्था केली तर गॅसचा उजेड चित्रांना चालेल. ब्रिटिश म्युझियमला मात्र आगीची धास्ती होती. त्याची दालनं संध्याकाळी उघडायला विजेचे दिवे यावे लागले, १८९० साल उजाडलं. कोलनी आपल्या संग्रहालयात खाण्यापिण्याचीही सोय केली, आणि त्या खोल्यांची कामं चांगल्या चांगल्या कलावंतांकडून करून घेतली. त्यांतली एक विल्यम मॉरिसच्या नावाने आजही आहे.

कोलच्या बोलण्यात सुधारकाचा तोरा होता. मजूर दारूच्या गुत्त्यात जातो, त्याला तिथून ओढून काढायला संग्रहालय उपयोगी पडेल, ही त्यांच्या एका भाषणातली भाषा मला आवडत नाही. चित्र बघणं हे कुणाच्या व्यसनावरचं औषध म्हणून द्यायची गोष्ट नव्हे. पण त्याच भाषणात त्यांनी एका कामगार कुटुंबाचं वर्णन केलं आहे. अंधाऱ्या, उदास खोल्यांतून तो माणूस बायको आणि चिल्लीपिल्ली घेऊन येतो आणि उजळलेलं दालन बघून सगळे थक्क होतात. इथे मला कोलचं म्हणणं पटतं. त्यांना दिसलं होतं की लोक एकटे येत नाहीत, घर घेऊन येतात.

त्याच १८५७ साली मुंबईत नेमकं उलट घडलं. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनानंतर इथेही वस्तू जमवून संग्रहालय मांडायला घेतलं होतं. १८५७ च्या धामधुमीत फोर्टातल्या बराकी शिपायांसाठी हव्या झाल्या आणि तो संग्रह बाहेर काढला गेला, त्यातलं बरंच काही मोडलं-हरवलं. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी पुन्हा पैसे उभे केले, १८६२ साली पायाभरणी झाली आणि १८७२ साली भायखळ्याला राणीच्या बागेत संग्रहालय उघडलं. त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. लंडनच्या संग्रहालयाला हे नाव १८९९ साली मिळालं, म्हणजे नाव आपण आधी घेतलं. १९७५ पासून आपलं संग्रहालय भाऊ दाजींच्या नावाने ओळखलं जातं. २००८ साली ते मोठ्या जीर्णोद्धारानंतर पुन्हा खुलं झालं, तेव्हा सोनेरी नक्षीचं छत आणि लोखंडी खांब बघून जुनी मुंबईकर माणसंसुद्धा हरखली होती. तिथले मातीचे छोटे पुतळे मला फार प्रिय आहेत. पगड्या, लुगडी, वेगवेगळ्या धंद्यांची माणसं, हातभर उंचीतली सगळी मुंबई. गिरण्यांचे भोंगे ऐकू येत असत अशा ठिकाणी हे संग्रहालय आहे. पाळी संपवून घरी परतणाऱ्याला वाटेतच पडेल असं. आज गिरण्या नाहीत, पण तिथल्या टोलेजंग ऑफिसांतून संध्याकाळी लोंढेच्या लोंढे बाहेर पडतात आणि तसेच भायखळा, करी रोड स्टेशनांकडे जातात.

लंडनच्या त्या संग्रहालयात मी एका शुक्रवारी गेले होते. शुक्रवारी ते रात्री दहापर्यंत उघडं असतं, सगळी नाहीत पण बरीच दालनं. बरोबर वहिनी होत्या, माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांचा मुलगा तिथे नोकरी करतो, तो ऑफिसातून परस्पर आला, पाठीला लॅपटॉपची बॅग. उन्हाळ्याचे दिवस, मधल्या चौकातल्या उथळ पाण्यात मुलं पाय बुडवून खेळत होती, त्यांच्या आया कडेला बसून गप्पा मारत होत्या. कुणाला कसली घाई नव्हती. वहिनी पहिल्यांदा जरा अवघडल्या. ‘‘मला काय कळणार यातलं, तुम्ही दोघं बघून या, मी बसते इथे,’’ म्हणाल्या. आम्ही त्यांना ओढूनच नेलं.

रॅफेलच्या दालनात उजेड मंद असतो. तिथली सात प्रचंड चित्रं म्हणजे खरं तर कागदी आराखडे आहेत. सिस्टिन चॅपेलच्या भिंतींवर लावायच्या विणलेल्या पडद्यांसाठी रॅफेलने ती १५१५-१६ च्या सुमारास पोप दहाव्या लिओकरता केली. ब्रसेल्सच्या विणकरांनी ती पट्ट्यांत कापून मागाखाली ठेवली, आणि पुढे ती पुन्हा जोडली गेली. त्यातलं एक आहे येशूच्या चमत्काराचं. रात्रभर जाळ्यात काही लागलं नाही आणि मग त्याच्या सांगण्यावरून जाळं टाकलं तर होड्या बुडतील इतके मासे. वहिनी त्यापुढे थांबल्या.

‘‘एवढ्याशा होडीत एवढी माणसं? बुडेल ना रे ही.’’

पुतण्या म्हणाला, ‘‘आई, माणसं मोठी दिसावीत म्हणून त्याने मुद्दाम होडी लहान काढलीये.’’

‘‘असेल. पण जाळं ओढणारी माणसं त्याने नीट बघितलेली आहेत हो.’’ आणि मग वहिनींनी आम्हांला ते दोघे दाखवले. कमरेतून वाकलेले, दंड ताणलेले, सगळं लक्ष पाण्यात. ‘‘येशू बाजूला बसलाय, पण यांना त्याचं भान नाही. जाळं भरलं की असंच होतं. वर बघायला फुरसत नसते. आणि तो म्हातारा बघ मागे, वल्हं सोडत नाहीये. सगळे एका बाजूला झुकले की त्याच्यावरच सगळा भार.’’ काठावरच्या करकोच्यांकडे बघून म्हणाल्या, ‘‘मासळी आली की हे येणारच.’’

वहिनींचं माहेर मालवणकडचं. आम्ही खाली त्या फरश्यांनी मढवलेल्या जुन्या उपाहारगृहात चहा घेऊन बसलो आणि वहिनी रापणीबद्दल बोलू लागल्या. किनाऱ्यावरून दोन बाजूंनी दोर ओढत जाळं आत आणायचं, पोरंसोरंसुद्धा दोराला हात लावायची, आणि ज्याने ज्याने ओढलं त्याला वाटा. त्यांचे वडील सकाळी शाळेत शिकवत आणि त्याआधी रापणीला जात. हातांना दोराचे वळ असत, खडू धरताना ते दिसत. एवढी वर्षं एका घरात राहून यातलं मी काहीही ऐकलं नव्हतं. पुतण्याने तर आपल्या आजोबांना कधी पाहिलंच नव्हतं. तो बॅग मांडीवर घेऊन तसाच ऐकत राहिला. त्याने विचारलं, ‘‘दोर कशाचा असायचा?’’ मग काथ्याचा दोर, नंतर आलेला नायलॉन, यांत्रिक होड्या आल्यावर मोडत गेलेली रापण, असं बोलणं दहा वाजेपर्यंत चाललं.

पाचशे वर्षांपूर्वीच्या एका इटालियन चित्राने मालवणच्या एका मास्तरांना त्यांच्या नातवापर्यंत पोचवलं. हे सकाळी साडेदहाला, शाळेच्या सहलीच्या रांगेत, पुढे सरका पुढे सरका अशा घाईत झालं नसतं. पुतण्याला सकाळी यायला जमलं नसतं, आणि वहिनी एकट्या गेल्या असत्या तर हे बोलल्या कुणाशी असत्या? मला संध्याकाळचं संग्रहालय हवं आहे ते यासाठी. तिथे माणसाचं काम आटोपलेलं असतं, आपली माणसं बरोबर असतात, नंतर कुठे पळायचं नसतं.

आपल्याकडे संग्रहालयांत संध्याकाळी दिवे लागतात ते बहुधा कार्यक्रमांसाठी. व्याख्यान, प्रकाशन, उद्घाटन. ते चांगलंच आहे. पण निमंत्रण लागतं असं वाटलं की माणूस फाटकापाशी बुजतो. कुलाबा-काळाघोड्याच्या खासगी कलादालनांनी काही वर्षांपूर्वी महिन्यातल्या एका गुरुवारी रात्री उशिरापर्यंत दारं उघडी ठेवायला सुरुवात केली, आणि तरुण मुलंमुली एका दालनातून दुसऱ्यात घोळक्याने फिरू लागली. हवं आहे ते एवढंच, मोठ्या सार्वजनिक संग्रहालयांत. भाषण नको, दीपप्रज्वलन नको, नुसतं दार उघडं ठेवायचं, ठरलेल्या वारी, न चुकता.

अडचणी खऱ्या आहेत आणि त्या झटकून टाकता येणार नाहीत. पहिली उजेडाची. कागद, कापड, लघुचित्रं यांना उजेड बाधतो आणि ही बाधा साठत जाते. म्हणून त्यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू देत नाहीत, आणि दिवा किती तास लागला याचाही हिशेब ठेवतात. वर्षभर आठवड्याला चार तास वाढवले की रंगांचं आयुष्य तेवढं खर्ची पडतं. मग ती दालनं संध्याकाळी बंद ठेवावीत. दगडाला, काशाला, चिनी मातीच्या भांड्यांना अशी भीती नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचंच उदाहरण घ्या. शिल्पांचं दालन तळमजल्यावरच आहे. घारापुरीहून आलेली शिल्पं आहेत, सिंधमधल्या मीरपूर खासच्या स्तूपातला, हातात कमळ घेतलेला भाजलेल्या मातीचा उपासक आहे, टाटांनी दिलेली चीन-जपानची भांडी आहेत. एवढंच उघडं ठेवलं तरी संध्याकाळ पुरायची नाही. शिवाय शिल्प संध्याकाळीच बघावं. एका बाजूने दिवा लावला की ओठाची कड, मानेवरच्या वळ्या, पोटाचा हलका उंचवटा असं काही वर येतं की दुपारी पाहिलेली मूर्ती हीच का, असा प्रश्न पडतो.

दुसरी अडचण माणसांची आहे. दालनात दिवसभर उभा राहणारा पहारेकरी वसईला नाहीतर कर्जतला राहतो. त्यालाच ‘आज नऊपर्यंत थांब’ म्हणणं अन्याय होईल. त्या वारी दुसरी पाळी हवी, तिचा पगार हवा, दोन-चार बायका पहाऱ्यावर हव्यात, स्वच्छतागृहाला पाणी आणि कडी हवी, फाटकाबाहेरचे दिवे लागलेले हवेत. बाकं हवीत, खूप. आपल्या दालनांत म्हाताऱ्या माणसाला टेकायला जागा नसते, आणि तो थकला की सगळं कुटुंब त्याच्याबरोबर बाहेर पडतं. याला पैसा लागतो हे मला कळतं. शहराने वाचनालयं, बागा, नाट्यगृहं यांवर पैसा घातला तेव्हा तो लोकांच्या संध्याकाळींवरच घातला होता.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अशी पहिली संध्याकाळ ठरली की कुणाला न्यायचं हे माझ्या मनात पक्कं आहे. वहिनी तर येणारच. त्या हल्ली गिरगावात असतात, टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांत पोचतील. शिवाय आमच्या इमारतीत लादी-मार्बलचं काम करणारे एक कारागीर येतात. जिन्याची पायरी बदलताना त्यांनी मला दगडाची शीर कशी ओळखायची ते दाखवलं होतं, तळव्याने, डोळे मिटून. घारापुरीच्या त्या शिल्पांसमोर त्यांना उभं करायचं आहे. छिन्नी कुठे तिरकी धरली, दगड कुठे दगा देत होता आणि त्या माणसाने हात कसा वळवून घेतला, हे त्यांना दिसेल आणि मला ऐकायचं आहे. त्यांना याबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी आधी हे विचारलं की मूर्तीला हात लावू देतात का. नाही म्हटल्यावर जरा थांबले. मग म्हणाले, काम सहाला सुटतं, हातपाय धुऊन सव्वासातला गेटवर येतो, बायकोलाही आणलं तर चालेल ना.